बाळंतिणीच्या खोलीतली जनावरं

जनावरांवर जीव लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण जी जनावरं आपल्याला जन्मात दिसणार नाहीत आणि ज्यांची नावंही धड घेता येत नाहीत, त्यांच्यावर सख्ख्या नातलगांसारखा जीव लावणारी व्यक्ती एकच पाहिली. त्या म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. मुळशी धरणाच्या अलीकडे एका गावात दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी दवाखाना म्हणजे नर्सबाई, आणि त्यांच्या हाताखाली मी, पुण्याहून नुकताच आलेला कंपाउंडर. बाई कोळवणच्या. अंगानं ठेंगण्या, आवाजानं उंच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाळंतिणीच्या खोलीत नेलं आणि भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "ही आपली मंडळी. वळख करून घ्या."

भिंतीवर काचेच्या चौकटींत एकवीस चित्रं होती. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, एकेक केस वेगळा दिसावा इतक्या बारीक रेषांची, वरून हातानं हलके रंग दिलेली. पोटाच्या पिशवीतून पिल्लू डोकावणारं कांगारू, वीतवीत सुळ्यांचा वॉलरस, नळीसारख्या तोंडाचा मुंगीखाऊ. धरणावरचा एक गोरा इंजिनिअर देश सोडून जाताना बंगल्यात एक जाडजूड ग्रंथ टाकून गेला होता, आणि त्याच्या खानसाम्याच्या घरात त्या ग्रंथाची पानं चूल पेटवायला वापरत होते. बाई खानसाम्याच्या बायकोच्या बाळंतपणाला गेल्या, तेव्हा जिराफ अर्धा जळला होता. बाळंतपण उरकल्यावर खानसाम्यानं लुगडं पुढे केलं. बाई म्हणाल्या, "लुगडं ऱ्हाऊ द्या. त्ये पुस्तक द्या." वाळवीनं मजकूर खाल्ला होता, पण चित्रं बचावली होती.

या मंडळींची बाई जी बडदास्त ठेवत, ती आमच्या एकाही रोग्याच्या वाट्याला आली नाही. रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्यानं काचा पुसल्या जात. त्यामुळे महिनाअखेर इंजेक्शनला स्पिरिट उरत नसे, आणि वर मीच उधळ्या ठरत असे. मुळशीचा पाऊस भिंतींतून झिरपू लागला की सगळ्या चौकटी उतरवून सुया उकळायच्या स्टोव्हभोवती ओळीनं मांडायच्या आणि दर पाच मिनिटांनी कूस बदलायची, हे माझं आषाढातलं मुख्य काम. चित्राखालची इंग्रजी नावं बाईंनी शाळामास्तरांकडून समजून घेतली होती. झाडाला उलटं लटकणाऱ्या स्लॉथचं नाव मास्तरांनी 'आळशी' असं सांगितलं, तर बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "प्वाटावर प्वार घिऊन उलटं लोंबकळून दाखवा म्हणावं मास्तरला," असं त्या मला बजावत होत्या. कळा देणाऱ्या बाईला तर त्या सरळ एकेक जनावर नेमून देत. "तू हिच्याकडं बघ. हिनं न्हाई का निभावलं?" बाईंचं म्हणणं, छताकडे बघून कुणाचं बाळंतपण सोपं झालेलं नाही.

पण गावातल्या सासवांना हे मुळीच पसंत नव्हतं. गरोदरपणी असलं काही पाहिलं तर पोर तसंच निपजतं, अशी बोलवा उठली. एका घरी लांब नाकाचा मुलगा झाला आणि खापर मुंगीखाऊवर फुटलं. मुलाच्या बापाचं नाक कुणी पाहिलं नाही. बाया घरीच बाळंत होऊ लागल्या. त्यातली एक दगावता दगावता वाचली. अखेर पुण्याहून वरच्या डॉक्टरांचं पत्र आलं: चित्रं आठ दिवसांत उतरवावीत. बाईंनी ते इंग्रजी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. वाद घातला नाही, हे मला जास्त लागलं. "बाया यीनात म्हणल्यावर भिताडं सजवून काय करू," एवढंच म्हणाल्या आणि स्टुलावर चढल्या.

निम्मी चित्रं उतरली असतील, तेवढ्यात डोंगरावरच्या वस्तीतल्या चार माणसांनी एका पोरीला झोळीतून आणलं. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. खोलीत येताच तिनं भिंतीवरचा वॉलरस पाहिला आणि सासूचा हात घट्ट धरला. "मला घरी न्या. हितं न्हाई मी ऱ्हायाची." सासू आधीच दारात अडून उभी होती. बाई घाईघाईनं स्टुलावर चढून वॉलरस काढू लागल्या, तशी त्याच्या शेजारची चौकट पोरीला दिसली. ती कण्हायची थांबली. "ह्यो तर खवल्या हाय," ती म्हणाली. "आमच्या डोंगरातला." मग नीट बघून म्हणाली, "पन चुकीचं काडलंय. ह्याची माय प्वार शेपटावर बशिवती. मी बगितलंय."

बाई स्टुलावरून खाली उतरल्या. चित्रात खवल्या मांजराचं पिल्लू आईच्या मागून चालत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या मंडळींपैकी एकालाही प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस त्यांना भेटलं नव्हतं. त्यांनी खवल्याची चौकट पोरीच्या समोरच्या खिळ्यावर टांगली, बाह्या सारल्या आणि म्हणाल्या, "शेपटावर म्हंजी नेमकं कुटं, सांग बरं मला." पोर दोन कळांच्या मधे सांगत राहिली. बाई विचारत राहिल्या आणि हात चालवत राहिल्या. सासू कधी आत येऊन बसली, कळलं नाही. दुपारी मुलगी झाली. रडली जरा उशिरा, पण खणखणीत.

वस्तीवर काय बोलणं झालं ठाऊक नाही. पुढच्या दोन महिन्यांत, दवाखान्याचं तोंड न पाहिलेल्या पाच बाया डोंगर उतरून आल्या. त्यांच्या पाठोपाठ गावातल्याही. वरचे डॉक्टर तपासणीला आले, तेव्हा एकवीसच्या एकवीस चौकटी जागेवर होत्या आणि खाटा भरलेल्या. त्यांनी कपाळाला आठ्या घालून खवल्याकडे बोट केलं. "हे काय?" बाईंनी त्यांना पाऊण तास सांगितलं. पुन्हा पत्र आलं नाही.

माझी बदली झाली, बाई निवृत्त होऊन चित्रांसह कोळवणला गेल्या. बासष्टच्या हिवाळ्यात मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. भिंतीशी नाक लावूनही त्यांना काही दिसत नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुण्यात एका डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्या भलत्याच पेचात होत्या. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा कोण दिसावं हे ठरत नव्हतं. इस्पितळात एकच चौकट न्यायची परवानगी मिळाली होती. एकाला न्यावं तर बाकीच्या वीस जणांना काय वाटेल?

मी म्हटलं, "बाई, मीच समोर उभा राहिलो तर?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि बराच वेळ खरोखरच विचार केला.

"चालंल," त्या म्हणाल्या. "तुमी बी एवडे वाईट न्हाई. फकस्त हलू नका, आन दाडी करून या."

पट्टी काढायच्या दिवशी मी नवं पातं लावून दाढी केली आणि इतका लवकर पोचलो, की इस्पितळाचं फाटकही उघडलं नव्हतं.