काचेला चिकटलेला फोटो
लातूरच्या आडत बाजारात भिजलेल्या सोयाबीनचा आंबूस वास आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. काही वर्षांपूर्वी पुराचे फोटो काढायला मी नांदेडकडच्या एका गोदाकाठच्या गावात गेलो होतो. घराघरात गाळ, दारात कुजलेलं सोयाबीन आणि आभाळ पुन्हा भरून आलेलं. एका मावशींनी हाक मारली. वारलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो भिजून फ्रेमच्या काचेला चिकटला होता, रंग ओघळायला लागले होते. “काच काढली की तोंड बी निघून यील. हाय तसाच काढा, लवकर.” फ्रेम बाजेला टेकवून मी घाईघाईनं फोटो काढला. पाहतो तर काचेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावशीही उमटलेल्या. “जरा सरका, परत काढतो,” म्हणालो. त्यांनी कॅमेऱ्यात वाकून पाहिलं. “ऱ्हाऊ द्या. आमचा जोडीचा फोटोच न्हाई.” तो मोठा करून मी त्यांना नेऊन दिला. म्हाताऱ्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलेला पूर आता दरसाल येतो, आणि हा वास आला की मी मावशींना फोन लावतो, फोटो उंचावर आहे ना, विचारायला. परवा म्हणाल्या, “औंदा पाणी भिंतीतल्या देवळीच्या बी वर गेलतं. आमा दोघांला आता आढ्यालाच टांगलंय.”