पॉलच्या नावाच्या पुड्या

उमेळ्याच्या आत्माराम राऊतला पाण्यातलं कळतं, हे गावाने कधीच मान्य केलेलं. बागेत पाटाचं पाणी सोडलं की केळीचं कुठलं आळं कधी भरेल, पाणी कुठे मुरेल, कुठे फोडायचं, कुठे अडवायचं, हे तो पायाच्या अंगठ्याने सांगायचा. आणि अशा माणसाचं स्वतःचंच पाणी एकोणसत्तराव्या वर्षी तुंबावं! देवाला थट्टा करायला दुसरं कुणी गावलं नाही काय?

दर वीस मिनिटांनी घाई, आणि गेलं की थेंब थेंब. त्यात बागेच्या तिन्ही अंगांना सात-सात मजली इमारती. पूर्वी केळीआड उभं राहिलं की काम भागायचं. आता चौथ्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालता घालता वरून विचारायची, "काका, घड कधी उतरवणार?" मग आत्मारामने ऐन थंडीत छत्री काढली. केळीत एक काळी छत्री दर वीस मिनिटांनी उघडते, बराच वेळ तशीच राहते नि मिटते. त्या इमारतीत यावर फार चर्चा झाली म्हणे.

छत्रीचं एक सोडा. खरी चिंता होती क्षितिजाच्या लग्नाची. क्षितिजा त्याची नात. तिचा बाप सुमेध ती नऊ वर्षांची असताना गेला. तेव्हाच आत्मारामने पोरीला शब्द दिला होता, "तुझ्या लग्नात बाबाच्या जागी मी बसेन." सूनही म्हणाली होती, कन्यादानाला तुम्ही आणि आईच बसा. आता लग्न दीड महिन्यावर आलं, आणि गुरुजींनी बजावलं, "दोन तासांची बैठक. मधे उठायचं नाही हो!" आत्माराम नाही बसला तर बायकोचा भाऊ बसणार. तो एका जागी चार तासही बसेल, कारण जन्मभर त्याने दुसरं केलंय काय? हे आत्मारामला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं.

म्हणून तो वसईत वैद्य मनोरमाबाईंकडे गेला. गेला खरा, पण मनोरमा सातवीपर्यंत त्याच्या वर्गात होती. शाळेत तिची शाई सांडणाऱ्या माणसाने आता तिला हे सांगायचं?

"मनोरमा," तो म्हणाला, "आपल्या पॉलला त्रास आहे."

पॉल म्हणजे त्याचा शेजारी. बागेला बाग लागून. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या वर आवाज काढून गाणारा धडधाकट गडी.

"रात्री किती वेळा उठतो?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"चार-पाच वेळा."

"जोर करावा लागतो?"

"लागतो गं. फार लागतो."

"तुला रे कसं ठाऊक?"

"मी… शेजारी आहे ना."

मनोरमाबाईंनी चष्म्यावरून त्याला नीट बघून घेतलं, नि मग समजावलं. ओटीपोटात अपान वायू असतो, खाली ढकलायचं काम त्याचं. तो बिघडला की मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ धरते. जुने वैद्य तिला अष्ठीला म्हणायचे, डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात. गोखरू, पुनर्नवा, आणि आपण फाल्गुनात ज्याची भाजी खातो त्या वायवर्ण्याची साल, यांचा काढा घ्यायचा. रोज कोमट पाण्याच्या टबात कमरेपर्यंत बसायचं. "आणि मुख्य म्हणजे आलेला वेग अडवायचा नाही. त्यावर औषध नाही. काढ्याने थोडा आराम पडेल, पण गाठ कसली आहे ते मला काही बाहेरून दिसत नाही. रक्त तपासायला सांग, सोनोग्राफी करायला सांग, नि पॉलला इकडे घेऊन ये."

पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, पॉल, सकाळ-संध्याकाळ.

आत्मारामने त्या पंपाच्या खोलीत लपवल्या. पण मथुरा, त्याची बायको, चोख बाई. झाडलोट करताना तिला पुड्या दिसल्या, नाव दिसलं. लोकांचं औषध आपल्याकडे कशाला, म्हणून तिने त्या कुंपणावरून पॉलच्या हातात दिल्या. संध्याकाळी आत्मारामला कळलं तेव्हा तो हातपाय गाळून बसला. परत कशा मागणार? त्या माझ्या आहेत म्हणायचं, की झालं, घरभर बोभाटा.

तिकडे पॉलचा चेहरा पांढराफटक. कारण पॉललाही तोच त्रास होता, अगदी तसाच! त्याने तो आजवर पाद्रीबाबांनासुद्धा सांगितला नव्हता. आपलं बिंग साऱ्या गावाला कळलंय असं समजून बिचारा मुकाट काढा पिऊ लागला, टबात बसू लागला. पुड्या संपल्यावर स्वतः मनोरमाबाईंकडे गेला, सोनोग्राफी करून आला. महिन्याभरात माणूस खुलला.

आत्माराम आणखी पुड्या मागायला गेला, तर मनोरमाबाई हसून म्हणाल्या, "अरे, तुझा पॉल येऊन गेला की! छान उतार आहे त्याला. सारखा तुझे उपकार सांगत होता."

दुखणं माझं नि गुण पॉलला! आत्माराम रिकाम्या हाताने घरी आला. लग्न पंधरा दिवसांवर. मग त्याने स्वतःच्या अकलेने इलाज काढला, आणि तो फक्त बागायतदारालाच सुचावा. पाटात गाळ बसला की आपण काय करतो? तोंडाशी मातीचा बांध घालतो, पाणी चांगलं चढू देतो, नि एकदम फोडतो. लोंढ्याबरोबर गाळ साफ! एके सकाळी त्याने तीन तांबे पाणी ढोसलं, बांधावर मांडी घातली, दात-ओठ आवळले नि दहापासून बारापर्यंत घाई दाबून धरली.

बाराला त्याने बांध फोडला. एक थेंब येईल तर शपथ!

दोन वाजता पोट नगाऱ्यासारखं झालं. घामाने डबडबलेल्या आत्मारामला शेवटी पॉलनेच पाहिलं नि टेम्पोत घालून इस्पितळात नेलं. तिथे नळी घातली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तीन दिवस नळी, बाजूला पिशवी, आणि उशाशी क्षितिजा. मनोरमाबाई येऊन भांडल्याच. "पुड्यांचे पैसे घेतले, पण 'अडवू नको' हे फुकट सांगितलं होतं. तेवढंच उलटं केलंस! तुझं पोट म्हणजे काय उमेळ्याचा पाट आहे? आता डॉक्टरांची गोळी मुकाट घे. माझा काढा त्यांना विचारून, आणि तोही स्वतःच्या नावाने."

पॉलला तेव्हा सारा उलगडा झाला. तो हसावं की रडावं न कळून दाराशी उभा राहिला.

नळी निघाली. गोळीने बरं वाटू लागलं. ऑपरेशनचं लग्नानंतर बघू असं ठरलं. क्षितिजा म्हणाली, "आबा, नाही बसलात तरी चालेल हां." आत्माराम तिच्यावर खेकसला. पोरीवर तो आयुष्यात पहिल्यांदाच खेकसला असेल.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये चारशे माणसं. आत्माराम नवं सोवळं नेसून मथुरेशेजारी बसला. अर्धा तास ठीक गेला. चाळिसाव्या मिनिटाला त्याचं कपाळ ओलं झालं. पन्नासाव्या मिनिटाला क्षितिजाचा हात त्याच्या हातात होता, आणि तिची बोटं तो घट्ट आवळत होता. उठलो तर मेव्हणा टपलेलाच. नाही उठलो तर पुन्हा नळी. काही होवो, पण उठायचं नाही, असं म्हणून त्याने डोळे मिटले.

क्षितिजा त्याच्याकडे बघत होती. ती उभी राहिली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, सगळं लेऊन, ताठ.

"गुरुजी, थांबा. मला लघवीला जायचंय."

गुरुजींच्या गळ्यात माइक. वाक्य चारशे माणसांनी ऐकलं. वराची आत्या मटकन खाली बसली.

"अगं बाळ, मंगलकार्यात मधेच…"

"आणि आबा येतील सोबत. एवढा शालू नेसून मी एकटी नाही जाणार." तिने आजोबाचा हात धरला तो सोडलाच नाही.

हॉलमागच्या मुतारीच्या दाराशी पोचल्यावर तिने त्याला आत ढकललं, बाहेरून दार ओढून घेतलं नि शालू सावरत पाठ लावून उभी राहिली. पाच मिनिटं गेली. तिच्यामागे पॉल येऊन उभा राहिला. मग वराचे काका. मग आणखी दोन म्हातारे, एकमेकांकडे न बघता. आणि सर्वांत शेवटी गुरुजी, माइक तसाच चालू.

"पोरी," गुरुजी म्हणाले, आणि तिकडे हॉलभर घुमलं, "त्यांना म्हणावं जरा लवकर."

"नाही म्हणणार," क्षितिजा म्हणाली. "त्यांना कुणी घाई करायची नाही. माझ्या बाबांच्या जागी बसलेत ते. जितका वेळ लागेल तितका लागू दे."

आत आत्मारामने ते ऐकलं. भिंतीला हात टेकून तो ढसाढसा रडला. पाणी आधी डोळ्यांतून आलं, मग बाकीचं.