ताईची चूल आणि माझ्या काचपट्ट्या

हिंगणघाटहून वडनेरला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि मी मनातल्या मनात रोडगे खायला सुरुवात केली. रोडगे म्हणजे कणकेचे थर दिलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून तुपात बुडवलेले. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. पुण्याहून निघताना बायकोने बजावलं होतं, "ताईंना कामाला लावू नका, त्या थकल्यात आता." मी हो म्हणालो आणि वर्धा यायच्या आत विसरलो.

माघ संपत आला होता. कापूस वेचून झालेली रानं मोकळी पडली होती आणि धुऱ्यांवर (बांधांवर) पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या उपटलेल्या वाळक्या झाडांचे, ढीग रचले होते. इकडे चुलीत हेच सरपण. शेजारच्या बाईंनी मेथीची टोपली मांडीवर घेत विचारलं, "कुठं चालले, भाऊ?"

"वडनेरले. बहिणीकडं."

"मंग काय, मजा हाये तुमची!"

मजा होतीच. विमलताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. हिंगणघाटला कॉलेजात होतो तेव्हा दोन वर्षं तिच्याच घरी राहिलो, तिच्याच डब्यावर शिकलो. आता मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत फुफ्फुसाच्या जुनाट आजारांवर काम करतो. रुग्णांच्या फुफ्फुसातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, हा माझा धंदा.

ताई दारातच उभी होती. "किती वाळला रे बापू!"

"ताई, रोडगे."

"अरे, आधी पाणी तं पी!"

ओट्यावर गॅसची शेगडी चकचकीत होती. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लाडात येऊन म्हणालो, "गॅसवरच्या भाजीले काय चव असते?" झालं. तिने अंगणातल्या चुलीत पऱ्हाट्या आणि गोवऱ्या सारल्या. फुंकणीने फुंकायची, थांबायची, पदर तोंडाला लावून खोकायची, पुन्हा फुंकायची. मी मोबाइलवर तिचे फोटो काढत होतो. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान वसंतराव, वांग्याच्या वाफ्यातून आले, चुलीकडे बघितलं आणि सांभार (कोथिंबीर) निवडत बसले. मी चार रोडगे हाणले.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून आम्ही तिघं गिरडला गेलो. टेकडीवर दर्गा आहे. आमच्याकडची हिंदू घरंही तिथे नवस बोलतात. पूर्वी ताई कडेवर पोर घेऊन न थांबता वर चढायची. या खेपेला दहाव्या पायरीवर बसली. ओठ निळसर झाले होते.

"तू जाऊन ये. माह्याकडून हात जोडजो."

मी वर गेलो, हात जोडले, दूरवर पसरलेला पिवळा पडत चाललेला गहू आणि काळी रानं पाहिली. मन लागेना. खाली आलो तर पायथ्याशी नवसाचे स्वयंपाक शिजत होते आणि भाऊजींनी ताईला धुरापासून लांब, गाडीत नेऊन बसवलं होतं. ते मला बाजूला घेऊन गेले.

"सुधाकरराव, रागावू नका. वर्ष झालं, डॉक्टरनं चूल बंद केली हिची. वर्षभर गॅसवरच करून राह्यली. तुमी आले का पेटवते."

"अन् दिवाळीले?"

"तुमी गेले अन् आठ दिवस दवाखान्यात होती."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तिनं शपथ घातलती. म्हणे, भाऊ वर्षातून दोनदा येते, त्याच्या तोंडचा घास नका काढू."

मी तिथेच दगडावर बसलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कधी विडीला हात न लावलेल्या बायकांच्या पेशी मी पाहिल्या आहेत. काजळीने भरलेल्या असतात. ती काजळी चुलीची, हे मी सभांमधून सांगत आलो. आणि माझ्या बहिणीचा खोकला मला फोटो काढताना ऐकू येत नव्हता. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी अंगणात ताईला सगळं सांगितलं. फुफ्फुसात राखणदार पेशी असतात. धुराचा कण आला की त्या गिळतात. पण काजळी पचत नाही. मग त्या घाबरून दुसऱ्या पेशींना हाका मारतात, त्या झुंडीने येतात, आणि जे रसायन शत्रूवर सोडायचं ते फुफ्फुसाच्या नाजूक भिंतींवरच सांडतं. भिंती विरत जातात, दम पुरेनासा होतो.

ताई मन लावून ऐकत होती. "म्हंजे त्यायले वाटते, आपण वाचवूनच राह्यलो?"

"हो."

"अन् धूर बंद केला तं गेलेलं वापस येते?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाई, ताई. धूर थांबला तरी त्यायची धुमश्चक्री लवकर थांबत नाई. पण उरलेलं जास्त दिवस टिकते."

तिने वांग्यांची टोपली पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "गेलेलं येतच नाई, तं सकाळी तुह्यासाठी एकडाव चुलीवरची भाजी करू का?"

"नको. गॅसवरचीच कर."

तिचा चेहरा पडला. "काल नाई आवडली का रे?"

मी तिचा हात धरून बसलो. ताईने हात सोडवून घेतला आणि वांगी चिरायला घेतली.

सकाळी डबा घेऊन निघालो. भाऊजींनी मी असतानाच चूल फोडली. ताई आत निघून गेली, बाहेर आली नाही. वर्ध्याच्या फलाटावर गाडीला उशीर होता, म्हणून डबा उघडला. गॅसवरची वांग्याची भाजी, दोन भाकरी. पहिला घास घेतला आणि थांबलो. चव तीच होती. रतीभरही फरक नव्हता.

तिथूनच तिला फोन लावला आणि सांगितलं. "खरं?" ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिला खोकला लागला. तो थांबायची वाट पाहत मी फोन कानाला धरून उभा राहिलो.