समुद्रकाठी सांगलीचा पट्टा

एका सोमवारी माझी पत्नी सुमती वारली. दोन महिन्यांनी इंडोनेशियातल्या एका बेटावर ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला, लाट उठली आणि एक गाव गेले. मी विश्रामबागेतल्या कॉलेजात भूमापन शिकवत असे. मदत पथकाला मोजणीदार हवा होता. नाही म्हणायचे मला सुचले नाही.

सोबत कुंडलचे भीमराव होते, फौजेतून निवृत्त झालेले मोजणी हवालदार. सुमतीची पेटी मी अजून उघडली नव्हती. तीच उघडून माझे कपडे वर टाकले आणि निघालो.

होडीतून उतरलो तर समोर नुसते नारळाचे बुंधे. वाचलेली माणसे टेकडीवर ताडपत्रीखाली राहत होती. त्यांनी आम्हाला जागुंग (मका) शिजवून वाढला.

"सायेब, येवढा समिंदर वलांडून पुन्यांदा कण्याच," भीमराव म्हणाले, आणि तिसऱ्यांदा पान पुढे केले.

केपाला देसा, म्हणजे गावचे पाटील. दुभाष्याकरवी त्यांनी एकच विचारले, "घरं कुठून वर बांधू?"

सांगलीकराला पूर कोणी शिकवायचा? कृष्णेचे पाणी चढते ते एका पातळीत. घाटावर एक खूण सापडली की तीच गावभर फिरवायची. आम्ही एका खडकावर लाटेची खूण धरली, लेव्हलची दुर्बीण लावली आणि त्या उंचीचा पांढरा पट्टा झाडाझाडांवर ओढत गेलो. रंग संपला. लोकांनी पट्ट्याच्या वर बांबू आणून टाकलेसुद्धा.

मग आम्ही ओढ्याच्या घळीत शिरलो. पट्ट्याच्या कितीतरी वर, फणसाच्या फांदीत एक होडी बसली होती.

"आवं सायेब, ही कृष्णामाई न्हवं," भीमराव म्हणाले. "ती पायरी पायरीनं येती. ही घळीत घुसून वर पळालीया."

"आता?"

"आता काय? पाटलास्नी सांगा, सांगलीचं शानपन परत घेतलं."

पाटील हसले. मग म्हणाले, ती होडी माझ्या भावाची. बांबू हलवायला ते स्वतः उतरले.

आम्ही घळीघळीतून नव्या खुणा शोधल्या, पण रंग नव्हता. ओल्या बुंध्यांवर कोळसा उमटेना. काही सापडते का म्हणून भीमरावांनी पेटी उपसली आणि तळाशी त्यांचा हात थांबला. सुमतीचा कुंकवाचा करंडा.

"न्हाई सायेब. वैनींचं हाय."

मी पाटलीणबाईंकडून खोबरेल घेतले आणि कुंकू कालवले.

"वैनी असत्या तर आदी त्या पांढऱ्या पट्ट्यावरनं बोलल्या असत्या," भीमराव म्हणाले.

"तुम्हालाही."

"मला जरा जास्तच."

परतताना साताऱ्याच्या स्टँडवर चहा घेतला. आमचे बोलणे ऐकून बाकावरच्या एका म्हाताऱ्याने भीमरावांना विचारले, "समिंदराचं पानी कुठवर आलं हुतं रं?"

"फणसापत्तूर."

"मग आमचा ओढा बरा," म्हातारा म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.

तिथल्या पावसात कुंकवाच्या रेघा एव्हाना गेल्या असतील. घरे त्यांच्या वर आहेत. करंडा रिकामा आहे, आणि आरशापाशी, त्याच्या जागी आहे.