साडीच्या तुकड्यावरचा दिवस

अमळनेरहून सकाळची गाडी पकडली तेव्हा पिशवीत कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ होतं आणि डोक्यात राग. सुरतेत माझी धाकटी बहीण सुनंदा राहते. तिची आठ वर्षांची परी ऑटिस्टिक आहे. मोठ्या मुश्किलीनं अशा मुलांच्या एका प्रशिक्षण केंद्रात तिला जागा मिळाली होती आणि आता ती काढून घेणार होते. कारण काय, तर 'पालक सहकार्य करत नाहीत'.

लिंबायतच्या गल्लीत शिरलं की लूमची खटखट पायांतून वर येते. परी दारातच होती. माझ्याकडे पाहिलं नाही, पिशवीचा बंद मात्र घट्ट धरला. सुनंदानं लोचो (डाळीचा मऊ, वाफवलेला सुरती पदार्थ) पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं.

केंद्रानं दिवसाचा चित्रांचा तक्ता दिला होता. उठणं, अंघोळ, पप्पा कामाला, मग केंद्र. तक्त्याप्रमाणे दिवस गेला की परी शांत. पण तिचा बाप लूमखात्यात (यंत्रमागाच्या कारखान्यात). पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. पाळी फिरली आणि तक्त्यातला बाप सकाळी कामाला, खरा बाप खाटेवर घोरतोय. पोर दोन दिवस किंचाळली, स्वतःचा हात चावला. सुनंदानं ते चित्र काढून टाकलं, तर केंद्रानं शेरा मारला.

सुनंदा घरी साड्यांवर खडे लावते. तिनं साडीच्या तुकड्यांवर चित्रं करून दोन पट्ट्या शिवल्या, लाल दिवसपाळीची, निळी रातपाळीची. पुढची पाळी फिरली तेव्हा परी ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्या घेऊन, दोन रिक्षा बदलून आम्ही केंद्रात गेलो. प्रशिक्षक बाई हसतमुख होत्या.

"तक्ता आमचाच वापरावा लागतो. पप्पांना कायम दिवसपाळी घ्यायला सांगा ना."

"सेठ नहीं देता, मॅडम," सुनंदा खाली मान घालून म्हणाली.

"मग आमचा नाइलाज आहे. जागा दुसऱ्या मुलाला दिली." बाईंनी पट्ट्या उलटसुलट पाहिल्या. "सुंदर आहेत हं. इथंच ठेवा, पालकांच्या ट्रेनिंगमध्ये दाखवता येतील."

मी तोंड उघडणार तोच इतका वेळ हिंदीत बोलणारी सुनंदा अहिराणीवर आली. "हाई मनी पोरनं शे. शिकनं व्हई ते लिंबायतले या, मी शिकाडसू." (हे माझ्या पोरीचं आहे. शिकायचं असेल तर लिंबायतला या, मी शिकवीन.) पट्ट्यांची घडी घालून ती उठली.

मी निघाले त्या सकाळी परीनं निळ्या पट्टीवर बोट फिरवलं. उठणं झालं, अंघोळ झाली, पप्पा घरी आले. बोट केंद्राच्या चित्रावर थांबलं. तिनं चपला घातल्या आणि दारात उभी राहिली.

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. सहकार्य नक्की कोण करत नाही, हे त्या बाईंना विचारायचं राहून गेलं. काल सुनंदाचा फोन आला. पट्टीवरचं केंद्राचं चित्र उसवायला तिचा हात होत नाही, आणि परी रोज चपला घालते.