एक हिरवी बांगडी

आसेगावची भागिरथा इस्पितळातल्या बायकांच्या मनोरुग्ण वॉर्डात परिचर म्हणून लागली, तेव्हा गावात बातमी पोचली की भागिरथा वेड्यांच्या दवाखान्यात गेली. ‘कामाला’ हा शब्द शेलूबाजारच्या जीपमध्येच कुठंतरी गळून पडला होता. तिनंही तो उचलायची तसदी घेतली नाही.

काम दिसायला सोपं. दहा खाटा, दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकीजवळ जायचं, श्वास बघायचा, हात कुठं आहेत ते बघायचं आणि तक्त्यावर सही करायची. तिची सही म्हणजे कापसाच्या पानावरची अळी. आठ तासांत तीनशेवर अळ्या पडायच्या. दुपारच्या गोळ्या झाल्या की वॉर्ड तलावातल्या नावेसारखा डुलायला लागायचा. जाळीतून ऊन चौकटीचौकटींनी आत यायचं आणि भागिरथा एकेकीच्या झोपेच्या काठाकाठानं चालायची. ही पऱ्हाटीचा कापूस वेचून राह्यली, ती माहेरच्या आंब्याखाली बसली, असं तिला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं म्हणे. खोटं ठरवायला कोणी जागं नसायचं.

नवी बाई आली की जिवावर बेतेल असं काही तिच्याजवळ राहू द्यायचं नाही, हा नियम. काचेच्या बांगड्याही त्यात आल्या. आणि सगळ्यात जास्त भांडण व्हायचं ते बांगड्यांवरूनच.

राखीला तिची सासू रंगूबाई मंगरूळपीरकडून घेऊन आली. बाळ पोटातच गेलं होतं. त्यानंतर राखीनं एकदा जीव द्यायला पाहिलं आणि मग बोलणंच सोडलं. भागिरथेनं साबणाच्या पाण्यात तिचे हात धरून बांगड्या अलगद उतरवल्या. शेवटची राहिली तेव्हा रंगूबाई आडवी आली.

“नवरा जिता हाये तिचा. मोकळ्या हातानं नको ठेवू, बाई. एक राहू दे.”

नियम भागिरथेला पाठ होता. पण तिचा नवरा ग्यानबा गेला, त्या दिवशी गल्लीतल्या बायांनी तिचे हात धरून बांगड्या दगडावर फोडल्या होत्या. ‘आपल्यात आता हे करत नाहीत’ असं सांगणारी शहाणी माणसं दोन दिवसांनी उगवली. त्या दगडाचा गारवा मनगटाला लागल्यासारखा झाला आणि भागिरथेचा हात आखडला. एक हिरवी बांगडी राहिली. तक्त्यावर मात्र तिनं ते नोंदवलं नाही.

तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या फेरीला, राखीचं मनगट मोकळं होतं.

वॉर्ड तसाच डुलत होता. फक्त भागिरथेची नाव तळाला घासली. तिनं सिस्टर संस्कृतीला खुणेनं बोलावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सिस्टर येऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. झडप घालायची नाही, आवाज चढवायचा नाही, हे दोघींना ठाऊक होतं. राखीची एक मूठ उशीखाली होती.

भागिरथा खाटेच्या कडेला टेकली. “राखी, ते बांगडी म्याच राहू देली होती. चूक माही हाये, तुही नाही. कोणी तुले बोलणार नाही.” मग तिनं सरळच विचारलं, “मराचं मनात येऊन राह्यलं का?”

राखीनं उशीखालची मूठ बाहेर काढली.

“थोडं,” राखी म्हणाली. वॉर्डात आल्यापासूनचा पहिला शब्द.

“बरं. मी इथंच बसतो मंग.”

मूठ सावकाश उघडली. भागिरथेनं बांगडीचे तुकडे घाईनं खिशात टाकले नाहीत. आपल्या तळव्यावर एकेक जुळवत गोल केला. गोल पुरा होईना. नखाएवढी जागा रिकामी होती. ती त्या जागेकडे बघत राहिली, राखीही बघत राहिली, जणू दोघी मिळून रांगोळी घालतायत. शेवटी राखीनंच गादीच्या कोपऱ्यातून उरलेला तुकडा काढून तिथं ठेवला.

त्या संध्याकाळपासून राखीजवळ सतत एक माणूस बसवलं. घटनेच्या कागदावर भागिरथेनं स्वतःची चूक सिस्टरकडून जशीच्या तशी लिहून घेतली आणि खाली आपली अळी सोडली. डॉक्टर रागावतील म्हणून ती तयारीनंच उभी होती. त्यांनी एवढंच विचारलं, की उद्या दुसरी सासू अशीच आडवी आली तर काय करशील? रागावणं परवडलं असतं.

उत्तर तिला सुचलं आपल्या लेकीच्या, धम्मदीपाच्या मेंदी काढलेल्या हातांकडे बघून. डॉक्टरांना विचारून दुसऱ्या दिवशी ती मेंदीचा कोन घेऊन आली. राखीच्या मनगटावर तिनं चार बांगड्या काढल्या. सहीवरून वाटलं नसतं, पण रेघा सुरेख आल्या.

भेटीच्या वेळी रंगूबाईनं सुनेचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“पुसून जातीन ह्या.”

“जातीन,” भागिरथा म्हणाली. “मंग पुन्हा काढू.”

राखीनं दुसरा हात पुढं केला. “ह्याच्यावरबी काढ ना, मावशी.”

फेरीची वेळ झाली होती. भागिरथेनं आधी दहा खाटा पाहिल्या, सह्या केल्या, आणि मग कोन उघडला.