बिनदांड्याची मोटार

मोटारी विकणाऱ्या अकोल्याच्या एजन्सीचा माणूस आमच्या दारात आला, तेव्हा मोटार धुऊनपुसून उभी होती आणि माझे यजमान वाशिमला निघायच्या बेतात होते. रिसोडहून वाशिमच्या स्टेशनापर्यंत माणसं न्यायची आणि आणायची, हा आमचा धंदा. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. रस्ता खडीचा, मधले नाले बिनपुलाचे. सकाळी एक सर्व्हिस मोटार वाशिमला जायची आणि संध्याकाळी परत यायची. बाकी दिवसभर ज्याला निकड असेल तो आमच्याकडे यायचा.

यजमान आधी एका जिनिंगवाल्याची गाडी चालवायचे. स्वतःची नवी मोटार घ्यायची म्हणून त्यांनी शेतातला आपला वाटा भावाला विकून टाकला होता. त्या मोटारीवर त्यांचा किती जीव होता, ते मी सांगत बसत नाही. कोंबडी बॉनेटवर चढली तर घरात जेवण व्हायचं नाही, एवढं सांगितलं की पुरे.

एजन्सीच्या माणसानं आधी पाणी मागितलं. ते पिऊन तो गाडीच्या पुढ्यात उकिडवा बसला, फडक्यानं नंबर पुसून वाचला आणि उभा राहून म्हणाला, "ही गाडी आजपासून चालवू नका."

यजमानांना वाटलं, तो थट्टा करतोय. "काहून?"

"स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळतात ना, ती खालच्या एका दांड्यामुळे. या खेपेच्या गाड्यांत त्या दांड्याचं पोलाद कच्चं निघालंय. दोन ठिकाणी चालत्या गाडीत तुटला. कंपनी सगळ्यांचे दांडे बदलून देणार आहे."

"तुटला मंग काय झालं?"

"स्टेअरिंग राहिलं हातात, आणि चाकं गेली त्यांच्या मनाला येईल तिकडे."

"अन् आतले मानसं?"

तो रुमालानं मानेवरचा घाम पुसत राहिला.

"मी तं रोज चालवून राह्यलो," यजमान म्हणाले. "मले कधी काही वाटलं नाही."

"तुटेपर्यंत काही वाटत नाही, भाऊ."

नवा दांडा विलायतेहून बोटीनं मुंबईला येणार, तिथून रेल्वेनं अकोल्याला. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ओट्यावर एका व्यापाऱ्याचं कुटुंब ट्रंका घेऊन बसलं होतं, त्यांना स्टेशनावर गाडी गाठायची होती. यजमानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे पाहिलं. "आजची खेप करून येतो," ते म्हणाले. "उद्यापासून उभी ठेवतो."

मी दाराच्या आत उभी होते. परक्या पुरुषासमोर बोलायची मला सवय नव्हती. तरी मी उंबऱ्याबाहेर आले.

"साहेब, तो दांडा काढून नेता येते काय?"

तो चमकला. "येतो. पण मग गाडी जागची हलणार नाही."

"तेच पायजे."

"तुले कोनं इचारलं?" यजमान म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ओट्यावरची माणसं माझ्याकडे वळून पाहू लागली.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोनी नाही इचारलं. पन तुमी कोनाले नाही म्हनत नाही. आज हे बसले हायेत. उद्या कोनी तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन येईन, अन् तुमी किल्ली फिरवसान."

त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग आत गेले, एक रिकामं पोतं घेऊन आले, गाडीखाली अंथरलं आणि त्या माणसाला म्हणाले, "काढा."

दांडा निघाला तेव्हा मी पाहिला. हाताएवढा लांब, काळा, तेलकट. त्यावर ना चीर होती, ना ओरखडा. माणसाच्या जिवाचं ओझं अशा वस्तूवर असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एजन्सीच्या माणसानं तो कापडात गुंडाळून पिशवीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं जायचं म्हणून रात्री आमच्याच ओट्यावर मुक्कामाला राहिला. व्यापाऱ्याचं कुटुंब कुरकुरत निघून गेलं.

मग सुरू झालं वाट पाहणं. मोटार परसात लाकडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवली. यजमान जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला जाऊ लागले. ज्या मालकाची गाडी चालवली, त्याच्याच अंगणात हमाली. तरी रोज सकाळी जाण्याआधी ते मोटारीवरची धूळ पुसायचे. गावातली माणसं विचारायची, "काय भाऊ, गाडी बसवली काय?" त्यावर ते हसायचे. घरी आल्यावर मात्र कामापुरतंच बोलायचे. "मीठ दे." "सर्व्हिसनं काही पार्सल आलं काय?" मी "नाही" म्हटलं की पुढं काही नाही.

गावात बातमी पसरली होती, ती मात्र वेगळीच. दांडा कंपनीनं नाही, बायकोनं काढायला लावला. विहिरीवर गेलं की बायका बोलायच्या थांबायच्या.

एकदा पार्सल आलं. यजमान स्वतः वाशिमला जाऊन ते खोकं मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीनं परत आले. दोन दिवसांनी एजन्सीचा माणूस दांडा बसवायला आला. मी चहा ठेवला होता. तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ आत खडखड करत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच मी चहा उतरवून ठेवला.

"हा डाव्या बाजूच्या स्टेअरिंगचा आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या देशातल्या गाड्यांसाठी असतो. चुकून आलाय."

यजमान मोटारीच्या पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "मंग जुनाच लावून द्या मले. मी हळू चालवतो. नाल्यात उतरून ढकलतो, पन चालवतो."

"तो आता माझ्याकडे नाही, भाऊ. कंपनीला परत गेला."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी उत्तर देऊ शकले असते.

त्यानंतर काही दिवसांनीच तो प्रकार झाला. गावाबाहेर नाल्याकाठी एक माळी कुटुंब राहायचं. वांगी, मिरच्या, पालक पिकवायचं. त्यांच्या टोपल्या आमच्याच मोटारीच्या टपावरून वाशिमच्या बाजारात जायच्या. नवरा-बायको दोघं तरुण, पदरात एक तान्हं मूल. सकाळी मोट चालू असताना विहिरीवरचं लाकूड निसटलं आणि त्या माणसाच्या पायावर आलं. गुडघ्याखाली हाड मोडून बाहेर निघालं.

सर्व्हिस मोटार तोवर निघून गेली होती. बाजाराचा दिवस नसल्यामुळे गावात लारीही नव्हती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फळ्या लावून पाय बांधला, सुई टोचली आणि सांगितलं, "संध्याकाळच्या आत वाशिम गाठा आणि तिथून रेल्वेनं अकोला. उशीर झाला तर पाय राहणार नाही."

त्याची बायको मूल कडेवर घेऊन धावत आमच्या परसात आली. यजमान अजून कामावर गेले नव्हते.

"भाऊ, गाडी काढा."

"वहिनी, गाडी चालत नाही."

"मले माहीत हाये. हळू न्या. मी त्याचा पाय धरून बसतो."

"तिचा दांडाच नाही. थे वळतच नाही."

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या पदरावर रक्त लागलेलं होतं. "तुमीच काढाले लावला ना?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ती माझ्याकडे पाहत राहिली. यजमान तोवर कुंपणावरून उडी मारून गेलेसुद्धा. ते शेजारच्यांची रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून घेऊन आले. मी घरातल्या होत्या तेवढ्या गाद्या काढल्या आणि खाली कडब्याचा जाड थर घातला. तान्ह्या मुलाला घेऊन तिला एवढ्या उन्हात येता येणार नव्हतं, ती दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं येणार होती. पण पाय हलू नये म्हणून कोणीतरी धरून बसायला हवं होतं.

"मी येतो," मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही असंच म्हणतात. यजमानांनी नुसतं थोडं सरकून जागा केली.

तो दिवस मी विसरू शकत नाही. मांडीवर तो बांधलेला पाय, दोन्ही हातांनी धरलेला. खडीवरून चाक उसळलं की माळ्याच्या तोंडून आवाज निघायचा, मग तोच म्हणायचा, "काही नाही, हाका." दुपारी त्याला भ्रम झाल्यासारखं झालं.

"वहिनी, पाय हाये ना जाग्यावर?"

"हाये. माह्या हातात हाये."

"वांगे तोडाचे राह्यले आज."

"तोडतीन कोनी."

थोड्या वेळानं पुन्हा, "वहिनी, पाय हाये ना?"

वाटेतल्या गावांत यजमान धावत जाऊन बैल मागून आणायचे. कोणी नाही म्हटलं नाही. दमलेले बैल तिथं सोडायचे, ताजे जुंपायचे, पुढं निघायचं. आम्हा दोघांत बोलणं नाहीच. मी फळ्यांच्या खाली दिसणारी त्याची बोटं दाबून पाहायची. दुपारपर्यंत ती गरम होती. नंतर ती गार पडायला लागली. ते मी कोणालाच सांगितलं नाही, फक्त पदरानं चोळत राहिले.

वाटेत एके ठिकाणी रस्ता एकदम नाल्यात उतरतो आणि तळाशी झटकन वळतो. मोटारीत बसून मी कितीदा तिथून गेले असेन, पण ते वळण कधी जाणवलंच नव्हतं. यजमान खाली उतरले आणि बैलांच्या वेसणी हातात धरून पाऊल पाऊल उतरवू लागले. खाली पोचल्यावर ते थांबले, मागं वळून त्या उताराकडे पाहिलं.

"इथंच," ते म्हणाले.

"काय इथं?"

"मी रोज इथं इंजन बंद करून गाडी सोडत होतो. तेल वाचावं म्हनून."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. धुळीनं तो पांढरा झाला होता. ते पुन्हा गाडीवर बसले आणि बैलांना हाक दिली. पण त्यानंतर त्यांनी मला पाणी विचारलं, हात दुखतात का विचारलं. कितीतरी दिवसांनी.

वाशिममध्ये शिरलो तेव्हा दुकानांतून दिवे लागत होते. तिथल्या डॉक्टरांनी पाय उघडून पाहिला, पुन्हा बांधला आणि अकोल्याच्या गाडीत बसवायला सांगितलं. यजमान त्याच्याबरोबर गेले. मी रेंगी घेऊन एका ओळखीच्या घरी राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सर्व्हिस मोटारीनं स्टेशनावर आली. मी तिथं उभी होते. तिनं एकच शब्द विचारला, "पाय?"

"हाये," मी म्हटलं.

ती फलाटावर मटकन बसली. मूल रडत होतं तरी तिला भान नव्हतं. मी मूल घेतलं, तेव्हा तिनं अडवलं नाही. पण गाडी आल्यावर ते माझ्याकडून घेऊन ती डब्यात चढली आणि मागं वळून पाहिलं नाही.

पाय वाचला. मात्र गुडघा कायमचा ताठ झाला आणि पाय थोडा आखूड राहिला. तो दवाखान्यात असतानाच आमचा दांडा आला, या खेपेला बरोबर बाजूचा. एजन्सीच्या माणसानं बसवून दिला. यजमानांनी त्याला विचारलं, "आमचा जुना खरंच कच्चा होता काय? कोनी पाह्यला का तपासून?"

"सगळे एकाच पेटीत भरून गेले, भाऊ. वेगळे करून कोण पाहतं?"

ते आम्हाला कधीच कळलं नाही.

माळी बरा होऊन यायचा होता, तेव्हा यजमान मला म्हणाले, "चाल, त्याले आनू." आम्ही मोटार घेऊन वाशिमला गेलो. तो काठी टेकत रेल्वेच्या डब्यातून उतरला, आमच्याकडे पाहून हसला. त्याला पुढं बसवलं, कारण ताठ पाय पसरायला तिथंच जागा होती. त्याची बायको मात्र मोटारीच्या दारापाशी उभीच राहिली.

"तुमी आधी बससान तं मी बसतो," ती मला म्हणाली.

मी मागच्या बाजूला बसले. मग ती बसली. वाशिम मागं पडलं. माळ्याला पुढं डुलकी लागली होती. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. तसंच बाहेर पाहत तिनं हळूच विचारलं, "त्या दिवशी दांडा असता, तं तुमी गाडी नेऊ देल्ली असती काय?"

यजमानांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"देल्ली असती," मी म्हटलं. "तुह्या पदरावरचं रक्त पाहून मीच म्हटलं असतं, न्या म्हनून. म्हनून तं काढाले लावला होता."

तिनं मान हलवली, की गाडीच्या हिसक्यानं ती हलली, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढं ती भाजीच्या टोपल्या पुन्हा आमच्या टपावर पाठवू लागली. टोपल्या ठेवायला नवरा लंगडत यायचा, कधी ती यायची. बोलणं मात्र आमचं बेताचंच राहिलं.